टास्मानियाची मुलगी, मुंबईचा दाखला

१९४९ साली हॉलिवूडची नटी मर्ल ओबेरॉन हिनं आपल्या आईची तसबीर रंगवून घेतली. आईला जाऊन बारा वर्षं झाली होती, त्यामुळे चित्रकाराच्या हाती होता तो फक्त एक जुना फोटो. तो देताना मर्लनं एक सूचना केली. आईचा वर्ण फोटोत दिसतो त्याहून उजळ दाखवायचा. तशी तसबीर तयार झाली आणि पुढची तीस वर्षं, मर्ल जाईपर्यंत, ती ज्या ज्या घरात राहिली त्या घरात ती लागलेली असायची.

मर्लच्या आयुष्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, पण माझं मन अडकतं ते या सूचनेपाशी. मिश्र वंशाची असून गोरी म्हणून वावरताना स्वतःचा रंग तिनं लपवला, हे समजू शकतं. पोटाचा प्रश्न होता. पण मेलेल्या आईपासून काय धोका होता? तसबीर नसती लावली तर कुणी विचारायला आलं नसतं. तिला आई डोळ्यांसमोर हवी होती, हे उघड आहे. आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या देखत आई भिंतीवर लावायची, तर ती अशीच लावता येत होती.

आमच्या घरी आत्याचा एक फोटो आहे, स्थळं बघायला लागल्यावर काढलेला. आत्या सावळी. फोटोग्राफरनं तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं, पावडर लावायला सांगितलं आणि मग निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं हात फिरवला. त्या काळी सगळेच स्टुडिओ हे करायचे. निगेटिव्हवर पेन्सिल फिरली की फोटोत तेवढा भाग गोरा येतो. त्या फोटोवर लग्न जमलं. आत्या म्हणायची, "फोटोतली मुलगी पसंत पडली, नांदायला मी गेले." मर्लच्या बाबतीत फोटोतलीच मुलगी नांदायला गेली आणि तिला जन्मभर फोटोतच राहावं लागलं.

तिचा जन्म मुंबईतला, १९ फेब्रुवारी १९११ चा. नाव एस्टेल मर्ल थॉम्पसन. जिला ती आई म्हणत मोठी झाली ती शार्लट सेल्बी, सिलोनमधली मिश्र वंशाची बाई. बाप आर्थर थॉम्पसन, डार्लिंग्टनहून आलेला इंग्रज, रेल्वेत इंजिनियर. पण जन्माच्या दाखल्यावर आई म्हणून नाव आहे ते शार्लटचं नाही. ते आहे तिची मुलगी कॉन्स्टन्स हिचं. कॉन्स्टन्स तेव्हा जेमतेम बारा-चौदा वर्षांची, स्वतःच लेकरू. आणि आर्थर हा शार्लटचा जोडीदार होता. एवढ्या दोन ओळींत त्या घरात काय घडलं असेल ते कळतं, आणखी लिहायला माझा हात धजत नाही. नात शार्लटनं पोटची म्हणून वाढवली आणि कॉन्स्टन्स ही मर्लची बहीण ठरली. म्हणजे हॉलिवूडनं रचलेल्या गोष्टीच्या पुष्कळ आधी, मुंबईतच, या मुलीसाठी पहिली गोष्ट रचून झाली होती. ती रचणारी शार्लट होती आणि तिनं ती दोन मुलींची लाज झाकायला रचली होती.

त्याच वर्षी डिसेंबरात पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले. आपलं गेटवे त्याचीच आठवण. राणीच्या त्या भेटीवरून घरात पोरीला 'क्वीनी' म्हणायला लागले, असं सांगतात. आणि त्याच १९११ च्या जनगणनेत सरकारनं मिश्र वंशाच्या लोकांना 'अँग्लो-इंडियन' हे नाव अधिकृतपणे दिलं. त्याआधी ते 'युरेशियन' होते. नाव बदललं, जागा तीच राहिली. रेल्वे, तारखातं, कस्टम, टेलिफोन या नोकऱ्या त्यांच्या. भायखळा, माझगावकडची घरं त्यांची. साहेबाच्या क्लबात त्यांना प्रवेश नाही आणि आपल्या लोकांत मिसळायची त्यांची इच्छा नाही. जे इंग्लंड कधी पाहिलं नाही त्याला ते 'होम' म्हणायचे. बोलण्यातल्या हेलावरून 'चीची' म्हणून त्यांची टिंगल व्हायची. एकाच घरात एक भाऊ उजळ निघायचा, एक सावळा. उजळ असायचा तो संधी मिळाली की विलायतेला किंवा ऑस्ट्रेलियाला जायचा, तिथं गोऱ्यांत मिसळायचा आणि मागच्यांना पत्र टाकणं बंद करायचा. मर्लनं जे केलं ते त्या समाजात घरोघरी ठाऊक असलेलं होतं. तिचा चेहरा पडद्यावर गेला, एवढाच फरक.

आर्थर पहिल्या महायुद्धात सैन्यात गेला आणि पश्चिम आघाडीवर न्यूमोनियानं वारला. १९१७ मध्ये शार्लट क्वीनीला घेऊन कलकत्त्याला गेली. तिथं ला मार्टिनियर शाळेची शिष्यवृत्ती मिळाली, पण मुलींनी तिच्या रंगावरून, कुळावरून इतकं टोचलं की तिनं शाळाच सोडली. पुढं टेलिफोन ऑपरेटरची नोकरी, हौशी नाटकं, आणि संध्याकाळी चौरंगीवरच्या फिर्पोजमध्ये नाच. तिथं बेन फिनी नावाचा, पूर्वी सिनेमात कामं केलेला एक माणूस तिच्या प्रेमात पडला. मग एकदा त्यानं शार्लटला पाहिलं आणि प्रेम संपलं. आपल्याकडे आडनाव आणि गाव विचारतात, तिच्या बाबतीत आई दिसली की चौकशी पुरी. मात्र जाता जाता त्यानं फ्रान्समधल्या दिग्दर्शक रेक्स इंग्रमकडे शब्द टाकला. मायलेकी नीसला पोचल्या. फिनी आला नाही. इंग्रमनं तिला गर्दीतलं काम दिलं, तिथून ती लंडनला आली.

लंडनमध्ये ती कॅफे द पारीमध्ये 'क्वीनी ओब्रायन' या नावानं पाहुण्यांची सरबराई करायची आणि सिनेमात मिळेल ते दोन मिनिटांचं काम करायची. तिथं अलेक्झांडर कोर्डा या हंगेरीहून आलेल्या निर्मात्याच्या नजरेत ती भरली. ओब्रायनचं ओबेरॉन झालं. १९३३ च्या 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ'मध्ये ती हेन्री राजाची राणी ॲन बोलिन झाली. चित्रपटाच्या सुरुवातीलाच तिचं डोकं उडवतात, म्हणजे काम मोजकंच. पण तेवढ्यात लोकांनी विचारायला सुरुवात केली की ही कोण.

या प्रश्नाला उत्तर द्यायला ऑस्ट्रेलियाचं टास्मानिया बेट शोधून काढलं गेलं. मर्ल ओबेरॉन, जन्म हॉबार्ट, टास्मानिया, चांगल्या ब्रिटिश घराण्यातली. नोंदी आगीत जळाल्या. लहानपणी भारतात नातलगांकडे वाढली. जाहिरात खात्यानं जागा हुशारीनं निवडली. टास्मानिया ब्रिटिश होता, आणि इंग्लंड-अमेरिकेपासून इतका लांब की कुणी खात्री करायला जाणार नाही. आणि कधी बोलण्यात कलकत्ता आलंच, तर त्याचीही सोय केलेली.

या सगळ्यात शार्लट कुठं होती? ती त्याच घरात होती. लंडनमध्ये मर्लकडे येणाऱ्या पाहुण्यांना ती घरकामाची बाई म्हणून ठाऊक होती. चरित्रकार हे एका वाक्यात सांगून पुढं जातात, मला मात्र तिथून पुढं जाता येत नाही. दारावरची घंटा वाजली की शार्लटनं ॲप्रन नीट करून दार उघडायचं. कोट घ्यायचे. चहाचा ट्रे आत न्यायचा, आणि नातीला, जिच्यासाठी ती दोन समुद्र ओलांडून आली होती, तिला 'मिस' म्हणायचं. पाहुणे गेल्यावर त्या दोघी काय बोलत असतील? शार्लटला मधुमेह होता, तब्येत खचत चालली होती. १९३७ मध्ये ती लंडनमध्येच वारली. तोवर मर्ल अमेरिकेत नामांकित झाली होती. या सगळ्या कथेत किंमत मोजली ती आधी शार्लटनं, आणि ती मोजली आहे हे कुणाला सांगायचीही सोय तिला नव्हती.

मर्लनं खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकांत आहे. १९१७ च्या अमेरिकी कायद्यानं आशियाच्या मोठ्या पट्ट्यातून, भारत धरून, येणाऱ्यांना दार बंद केलं होतं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही, सबब त्याला नागरिकत्व नाही. हे बदललं १९४६ मध्ये, आणि तेही वर्षाला शंभर जणांपुरतं. सिनेमाची आचारसंहिता वेगळीच. तिच्यात गोऱ्या आणि काळ्या वंशांतले शरीरसंबंध दाखवायला उघड मनाई होती, आणि १९३४ पासून ती कडक अमलात आली. स्टुडिओ ही मनाई आशियाई माणसांनाही लावायचे. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली ॲना मे वाँग त्या काळातली नामवंत चिनी-अमेरिकन नटी. 'द गुड अर्थ'मधल्या चिनी शेतकऱ्याच्या बायकोची भूमिका तिला मिळाली नाही. नायक गोरा पॉल म्युनी, मग नायिकाही गोरीच हवी. ती भूमिका लुईज रेनरनं डोळ्यांना मेकअप लावून केली आणि ऑस्कर घेतलं. ॲना मे वाँग खरी होती, म्हणून तिच्या वाट्याला दुय्यम कामं आली. मर्लनं हे डोळ्यांसमोर घडताना पाहिलंय.

आणखी एक बाई आठवते, फ्रेडी वॉशिंग्टन. कृष्णवर्णीय घरातली, पण रंगानं इतकी उजळ, डोळे इतके हिरवट की गोरी म्हणून सहज खपली असती. १९३४ च्या 'इमिटेशन ऑफ लाइफ'मध्ये तिनं नेमकी अशाच मुलीची भूमिका केली, काळ्या आईला नाकारून गोऱ्यांत मिसळणाऱ्या मुलीची. प्रत्यक्षात तिनं ते करायला साफ नकार दिला. मी काळी आहे आणि काळीच म्हणवणार, असं ती सांगत राहिली. तिची सिनेमातली कारकीर्द १९३७ च्या सुमारास संपली. फ्रेडीबद्दल मला नितांत आदर आहे. पण तिच्या धैर्याची काठी करून मर्लला मारावं असं मला वाटत नाही. दोघींपुढं जे दार होतं ते बंद करणारे लोक दुसरेच होते.

भारतात जन्मणं हा गुन्हा नव्हता, हेही लक्षात घ्यायला हवं. व्हिव्हियन लीचा जन्म दार्जिलिंगचा, १९१३ चा, आणि ते तिनं कधी लपवलं नाही. उलट तिच्या ओळखीत ते शोभून दिसायचं. साहेबाची मुलगी दार्जिलिंगला जन्मली तर गंमत, आणि शार्लटच्या घरची मुंबईला जन्मली तर कलंक.

सिनेमावाल्यांनी आधी मर्लचा तोच चेहरा 'पौर्वात्य' म्हणून विकून पाहिला होता. १९३४ च्या 'द बॅटल'मध्ये ती जपानी उमरावाची बायको आहे. तिरके डोळे, चकचकीत केस, गूढ वगैरे. मग सॅम्युएल गोल्डविननं तो सगळा रंग धुऊन काढला आणि 'द डार्क एंजल'मध्ये तिला साधी इंग्रज खेड्यातली मुलगी केलं. गोऱ्या नटीनं पौर्वात्य दिसणं ही कला होती, तेव्हा एक पौर्वात्य बाई गोरी म्हणून वावरते आहे, अशी कुणाला शंकाही आली नाही. याच चित्रपटासाठी १९३५ चं सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन तिला मिळालं. पुरस्कार बेटी डेव्हिसनं नेला. चित्रपटात तिचा प्रियकर युद्धात आंधळा होतो, तिला आपलं ओझं नको म्हणून दडून राहतो, आणि ती येणार म्हटल्यावर खोलीतल्या एकेका वस्तूची जागा पाठ करून डोळस असल्याचं सोंग वठवतो. ते सोंग शेवटी उमगतं ते तिला. ही भूमिका नेमकी मर्लच्या वाट्याला यावी!

पण माझ्या मनात घर करून आहे तो १९३९ चा 'वुदरिंग हाइट्स'. विल्यम वायलरचं दिग्दर्शन, ग्रेग टोलंडची छायाचित्रणाची किमया, कॅथी झाली मर्ल आणि हीथक्लिफ लॉरेन्स ऑलिव्हिए. ऑलिव्हिएला कॅथी म्हणून व्हिव्हियन ली हवी होती, त्यामुळे सेटवर दोघांचं फारसं पटलं नाही. चित्रपट ज्यावरून काढला त्या एमिली ब्राँटेच्या १८४७ च्या कादंबरीत हीथक्लिफ हा लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेला काळासावळा पोर आहे. त्याला पाहून शेजारचे लिंटन म्हणतात, हा 'लॅस्कर' दिसतो. लॅस्कर म्हणजे विलायती जहाजांवरचे आपल्याकडचे खलाशी. मुंबई बंदरातून जाणाऱ्या त्या खलाशांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पुष्कळ असत. आणि पुढं नेली ही घरातली मोलकरीण हीथक्लिफची समजूत घालताना म्हणते, कुणास ठाऊक, तुझा बाप चीनचा बादशहा असेल आणि आई हिंदुस्थानची राणी.

आता चित्रपटात बघा. तो सावळा अनाथ झालाय इंग्लंडमधल्या सरे परगण्याचा गोरा नट, तोंडाला काळपट मेकअप लावून. आणि त्याच्याशी लग्न केलं तर आपण खाली जाऊ म्हणणारी गोरी कॅथी झाली आहे मुंबईची क्वीनी. स्वयंपाकघरातलं ते दृश्य आहे. बाहेर वादळ. कॅथी नेलीला सांगते आहे की एडगर लिंटनशी लग्न करायचं ठरवलंय, त्याच्याकडे घर आहे, मान आहे, हीथक्लिफ दिवसेंदिवस गावंढळ होत चाललाय. मग बोलता बोलता तिची भाषाच बदलते. हीथक्लिफला लागलं तर ते मला लागतं, असं ती म्हणते, आणि विजेच्या लखलखाटात तोंडातून निघतं, "मीच हीथक्लिफ आहे." इंग्रजी साहित्यात हे वाक्य फार गाजलेलं. अनेक नट्यांनी ते म्हटलंय. मर्ल ते म्हणते तेव्हा आधी थबकते, जणू हे आपल्याच तोंडून आपल्याला ऐकू येतंय. वायलर एकेक दृश्य पुन्हा पुन्हा करून घेणारा माणूस. ते वाक्य तिनं सेटवर किती वेळा म्हटलं असेल आणि दर वेळी आत काय हललं असेल, याचा विचार केला की मला पुढचा सिनेमा थोडा वेळ दिसत नाही.

त्याच वर्षी तिनं कोर्डाशी लग्न केलं. १९४२ मध्ये त्याला नाइटहूड मिळालं आणि क्वीनी लेडी कोर्डा झाली. कलकत्त्याच्या त्या शाळेतल्या मुली तेव्हा कुठं असतील, हा विचार माझ्या मनात येतोच.

शरीरानं मात्र हिशेब मागितला. १९३७ मध्ये लंडनमध्ये मोटारीच्या अपघातात तिचा चेहरा जखमी झाला, आणि 'आय, क्लॉडियस' हा कोर्डाचा मोठा चित्रपट अर्ध्यावर बंद पडला. १९४० मध्ये प्रसाधनांची विषबाधा आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असं दोन्ही एकदम झालं आणि कातडी सोलवटली. न्यूयॉर्कच्या डॉक्टरकडून कातडी घासून काढण्याचे उपचार झाले, तरी खड्डे राहिलेच. जिचा चेहरा हीच जमीन, घर आणि परवाना, तिची ही गत.

१९४४ च्या 'द लॉजर'च्या वेळी छायाचित्रकार ल्युसियन बॅलार्डनं यावर तोड काढली. प्रकाश बाजूनं पडला की कातडीवरच्या प्रत्येक खड्ड्याची सावली पडते. म्हणून त्यानं एक छोटा मऊ दिवा कॅमेऱ्यावरच, भिंगाच्या अगदी लगत बसवला. प्रकाश थेट समोरून गेला, सावल्या मावळल्या, खड्डे दिसेनासे झाले आणि चेहरा आणखी उजळ दिसायला लागला. बॅलार्डशी तिनं १९४५ मध्ये लग्न केलं, १९४९ मध्ये ते मोडलं. दिवा राहिला. छायाचित्रणाच्या धंद्यात त्याला आजही 'ओबी' म्हणतात, ओबेरॉनवरून. लग्न मोडलं त्याच वर्षी तिनं आईची तसबीर रंगवून घेतली.

इकडे मुंबईत मर्ल वाढत होती त्या काळात नेमकी उलटी गोष्ट चालली होती. फाळक्यांना पहिल्या चित्रपटात तारामतीसाठी बाई मिळाली नाही, तेव्हा साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडं नेसवावं लागलं. पुढं दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी धीर केला, पण घरंदाज बायका लांबच राहिल्या. ती जागा भरून काढली अँग्लो-इंडियन आणि ज्यू मुलींनी. रेनी स्मिथ सीतादेवी झाली. पुण्यात १९०७ साली बगदादी ज्यू घरात जन्मलेली रूबी मायर्स सुलोचना झाली, मूकपटांची सम्राज्ञी. आणि सिनेमात येण्याआधी ती काय करत होती? टेलिफोन ऑपरेटर होती, मर्लसारखीच. एकाच देशातल्या दोन शहरांत दोन मुली कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांचे फोन जोडून देत होत्या. एकीनं हिंदू नाव घेतलं, एकीनं इंग्रजी. सुलोचनाचं मूळ सगळ्यांना ठाऊक होतं, त्यात लपवाछपवी नव्हती. बोलपट आले तेव्हा हिंदुस्तानी नीट येईना म्हणून काम थांबवून ती भाषा शिकली. १९७३ चा फाळके पुरस्कार तिला मिळाला. या दोघींना शेजारी ठेवल्यावर मला उमजतं की नाव बदलणं सोसतं. आई बदलणं सोसत नाही.

आपल्या वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ज्यांनी वाचली असेल त्यांना ती धाकधूक ठाऊक आहे. परगावी रेल्वेत नोकरी, भाड्याची खोली, आपलेपणानं वागणारे शेजारी, आणि प्रत्येक आपलेपणासोबत वाढत जाणारी भीती. बागुलांच्या नायकाला शेवटी मार खावा लागतो. मर्लला कुणी मारलं नाही. ती हिऱ्यांचे हार घालून मेक्सिकोतल्या महालात राहिली. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर आज कुणाशी काय बोललो याची उजळणी करणं, हे दोघांना सारखंच.

१९७८ मध्ये ती उजळणी तिला हॉबार्टला करावी लागली. टास्मानियाच्या लोकांनी तिच्यावर मनापासून माया केली होती. आमची मुलगी जगभर गाजली म्हणून चार दशकं ते सांगत होते. ही अमक्या चिनी बाईची मुलगी, मी हिला लहानपणी पाहिलंय, असं शपथेवर सांगणारी माणसं तिथं होती. महापौरांनी टाउन हॉलमध्ये सत्कार ठेवला. मर्ल चौथ्या नवऱ्यासोबत, रॉबर्ट वोल्डर्ससोबत, गेली. वाटेत मोटारीच्या ड्रायव्हरला तिनं एक नवीनच हकिकत सांगितली. लहानपणी वडिलांबरोबर बोटीनं जात होते, हॉबार्टजवळ वडील आजारी पडले, म्हणून उतरलो आणि थोडा काळ इथं राहिलो. सत्काराला पोचल्यावर मात्र, आपण इथं जन्मलो नाही, असं तिनं जमलेल्या मंडळींना सांगितलं. मग बरं वाटत नाही म्हणून ती उठून गेली. पुढं कुणाच्या प्रश्नांना तिनं उत्तर दिलं नाही.

सदुसष्टाव्या वर्षी, ज्या गावात कधी पाऊल ठेवलं नव्हतं त्या गावच्या माहेरवाशिणीचा मान घ्यायला तिनं का जावं? टाळता आलं असतं. मला वाटतं, एकदा तरी ते 'नाही' उच्चारावं असं तिला झालं असावं. मी इथली नाही, एवढं ती म्हणाली. मी कुठली, हे मात्र तिच्या तोंडून निघालं नाही. पुढच्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ ला, कॅलिफोर्नियात पक्षाघातानं ती गेली. १९८३ च्या चरित्रात मुंबईचा जन्म उघड झाला. दाखला इथंच होता, मुंबईच्या सरकारी दप्तरात. तो तिच्या हयातीतच एकाला सापडला होता, कॉन्स्टन्सच्या मुलाला. तोवर तो स्वतःला तिचा भाचा समजत होता, दाखला पाहून कळलं की आपण भाऊ. तो तिला भेटायला लॉस एंजेलिसला गेला. ती भेटली नाही.

२०२३ मध्ये मलेशियाची नटी मिशेल यो हिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं, तेव्हा मर्लचं नाव पुन्हा निघालं. मिशेल ही आशियाई 'म्हणवणारी' पहिली, असं शब्द जपून लिहिलं गेलं, आणि आपल्याकडे 'ऑस्करपर्यंत पोचलेली मुंबईची पहिली नटी' म्हणून अभिमान व्यक्त झाला. मला तो अभिमान पुरता पचत नाही. या शहरानं तिला काय दिलं होतं? ना साहेबानं जवळ केलं, ना आपण. तिच्या सावळ्या आजीला पाहून पळालेला माणूस परदेशी होता हे खरं, पण गोऱ्या सुनेच्या जाहिराती आपल्याच पेपरांत अजून छापून येतात. तिला आपली म्हणायचं तर शार्लट आणि कॉन्स्टन्स यांच्यासकट म्हणायला हवं.

या गुपितापायी नटी म्हणून तिच्याकडे कुणी नीट पाहत नाही, याचंही मला वाईट वाटतं. ती महान नटी होती असा माझा दावा नाही. मोठ्या आवेगाच्या जागी ती कधी कधी ताठरते, विशेषतः कोर्डाच्या भरजरी चित्रपटांत. पण संयमाचं काम तिच्याइतकं थोड्यांना जमलंय. पाहायची असेल तर सुरुवात 'दीज थ्री'पासून करा, १९३६ चा, वायलरचाच. दोन मैत्रिणी शाळा काढतात आणि एक लहान मुलगी त्यांच्याबद्दल एक खोटी कुजबुज सोडते. मूळ नाटकात ती कुजबुज दोघींच्या परस्परांवरच्या प्रेमाबद्दल होती. आचारसंहितेपायी चित्रपटात ती एकीच्या प्रियकरापुरती केली. कुजबुज गावभर होते, पालक एकेक करून मुलींना घेऊन जातात, शाळा ओस पडते. मिरियम हॉपकिन्सला त्यात आक्रोश करायला पुष्कळ वाव आहे आणि ती तो घेते. मर्ल फारसं काही करत नाही. समोरचा बोलत असताना ती त्याच्याकडे एकटक पाहत राहते, याला काय कळलंय आणि किती कळलंय याचा अंदाज घेत.